फीडपार्सरमध्ये बोझो १ येतोय, फीड टाकून देऊ का?

अर्धविराम:
पायथनच्या फीडपार्सर लायब्ररीवर छोटी स्क्रिप्ट लिहिलीय, ३०-४० फीड (वेबसाइट्सच्या नव्या मजकुराच्या याद्या) वाचते आणि नवीन काय आलं ते एका पानावर दाखवते. फीड आरएसएस स्वरूपात असो नाहीतर ॲटम, लायब्ररी सगळं एकाच साच्यात देते म्हणून खूश होतो. पण बोझो १ (फीडमध्ये गडबड आहे अशी लायब्ररीची खूण) आला की फीड मोडकी समजून मी सोडून देतो, तर बऱ्याच फीड गळाल्या, आणि त्यातल्या काही ब्राउझरमध्ये मस्त उघडतात. दुसरं म्हणजे एक सर्व्हर फार वेळ लटकवत होता आणि फीडपार्सरच्या पार्स फंक्शनला टाइमआउट देता येत नाही, म्हणून त्याची फीड रिक्वेस्ट्स या दुसऱ्या लायब्ररीने आणून पार्सरला दिली, तर मराठी मथळे गायब आणि डोक्यावर काडी असलेल्या इंग्रजी ए ची रांगच रांग. कुठे माती खाल्ली?

जुनीखोड:
बोझो ही कुरकुर आहे रे, नकार नाही. कडक एक्सएमएल पार्सर अडला की लायब्ररी सैल पार्सर लावते आणि मिळेल ते देते. खरं कारण बोझो_एक्सेप्शनमध्ये असतं, ते आधी छापून बघ. पुष्कळदा सर्व्हर मजकुराचा प्रकार नुसता टेक्स्ट/एक्सएमएल सांगतो, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिलीत ते) सांगतच नाही, मग आरएफसी ३०२३ या जुन्या, आता बदललेल्या इंटरनेट नियमाप्रमाणे लायब्ररीने ते फक्त इंग्रजीपुरतं अ‍ॅस्की धरायचं, आत निघतं यूटीएफ-८. वाचते बरोबर, पण बोझो लावून ठेवते. एंट्रीज, म्हणजे बातम्यांची यादी, रिकामी असेल तरच टाक.

तीनबाइट:
पार्सरला रिक्वेस्ट्सच्या उत्तरातलं .टेक्स्ट दिलंस ना? हेडरमध्ये एन्कोडिंग नसलं की रिक्वेस्ट्स टेक्स्ट/काहीही आलेलं आयएसओ-८८५९-१ समजून उलगडते. यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षर ३ बाइटचं, त्यामुळे एका 'म'चे तीन तुकडे होतात: काडीवाला ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर. .कंटेंट दे, म्हणजे कच्चे बाइट जातील आणि पार्सर वरच्या एक्सएमएल ओळीतून एन्कोडिंग स्वतः वाचेल.

जुनीखोड:
हो, आणि तारखांचं आत्ताच बघून घे. पब्लिश्ड_पार्स्ड, म्हणजे बातमीची तारीख-वेळ, कायम यूटीसीत असतं, त्याला टाइम.एमकेटाइम लावलंस तर ते लोकल समजतं आणि सगळ्या बातम्या काही तास सरकतात (मी हे दोन दिवस शोधत बसलो होतो, लाज वाटते सांगायला). कॅलेंडर.टाइमजीएम वापर. काही एंट्रींना तारीखच नसते, .गेट ने घे नाहीतर तिथेच आपटेल.

अर्धविराम:
.टेक्स्टच होतं 🤦 .कंटेंट केलं, मथळे सरळ आले. बोझोची अट काढली तर गळालेल्या फीडही परतल्या. एक अजून बोझो दाखवतेय, मथळ्यात अँडचं चिन्ह तसंच उघडं टाकलंय त्यांनी.

तीनबाइट:
एंट्रीज येतायत ना? मग राहू दे तिला तशीच. आता सर्व्हरने दिलेले ईटॅग (आवृत्तीची खूण) आणि मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) जपून ठेवायला लाग, पुढच्या वेळी तेच पाठवलंस की बदल नसेल तर ३०४ ('काही बदललं नाही' हा कोड) येतो, उगाच अख्खी फीड ओढावी लागत नाही. फक्त रिक्वेस्ट्सवाल्या फीडला ते हेडर तुलाच लावावे लागतील.