मदत हवी आहे: जि. प. शाळेचा आनंद मेळावा – कूपनं, हिशोब, वडापावचं प्रमाण आणि पाण्याचं मशीन

चिंचेचं_पान

नमस्कार मंडळी. सातारा जिल्हा, खटाव तालुका, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट १४०. शाळा व्यवस्थापन समितीची पालक सदस्य म्हणून विचारतेय. जानेवारीत आनंद मेळावा भरवायचा आणि येतील त्या पैशांतून पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन आणि वाचनालयाला पुस्तकं घ्यायची, असं बैठकीत ठरत आलंय. पाणी बोअरचं आहे.

अडलंय ते असं. पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? गुरुजी म्हणतात, माझ्या फोनवर घ्या, मग भरू. रोख ठेवायची की कूपनं? वडापाव, भेळ, सरबत असे तीन-चार स्टॉल पालक लावतील, पण दोनशे माणसांचं प्रमाण कुणालाच नीट सांगता येत नाही. एक पालक म्हणतात लकी ड्रॉ ठेवा, त्यात सगळ्यात जास्त पैसे सुटतात. आणि तारीख कोणती धरावी? जाणकारांनी सांगा.

रोजकीर्द

पहिली गोष्ट, गुरुजींच्या फोनवर पैसे घेऊ नका. त्यांच्यावर संशय म्हणून नाही, त्यांच्या बचावासाठीच. मेळाव्याचे पैसे त्यांच्या पगाराच्या खात्यात मिसळले की सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर वेगळे काढून दाखवता येत नाहीत. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचं लोकसहभागाचं खातं असेल तर त्यात, नसेल तर समितीचा ठराव करून उघडा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान ज्या खात्यात येतं त्यात हे पैसे टाकू नका, लेखापरीक्षणात दोन्हीचा गुंता होतो. बँकेकडून त्या खात्याचा क्यूआर कोड मागून घ्या. संयुक्त सहीच्या खात्याला तो मिळायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज महिनाभर आधी.

ठरावात चार गोष्टी हव्यात: मेळाव्याचा हेतू, पैसे कोणत्या खात्यात, खर्चाला मंजुरी कोण देणार, आणि हिशोब कोणत्या तारखेच्या बैठकीत मांडणार. शेवटची ओळ लोक गाळतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

रोख की कूपन, तर कूपन. स्टॉलवर रोख ठेवली की सुट्ट्यांची बोंब, हात तेलाचे, नोटा ओल्या आणि संध्याकाळी सात जणांचे सात हिशोब. १० रुपयांचं एकच कूपन छापा. ५ आणि २० ची वेगळी कूपनं काढलीत तर मोजणी तिप्पट होते. सगळ्या वस्तूंच्या किमती दहाच्या पटीत बसवा; चिक्की स्वस्त असेल तर दोन चिक्क्या दहाला.

कूपन रंगीत कागदावर, त्यावर अनुक्रमांक, वर्ष आणि शाळेचा शिक्का. पांढऱ्या कागदावरच्या कूपनाची झेरॉक्स गावातच निघते. विक्रीचं टेबल फाटकाजवळ, दोन माणसं रोखीला, एक क्यूआरला. क्यूआरवर पैसे आल्याची खात्री खात्याच्या फोनवर किंवा पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डब्यावर करा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर नाही. स्टॉलवर कूपन घेतलं की लगेच अर्धं फाडून फटीच्या डब्यात टाकायचं. न फाडलेलं कूपन पुन्हा फिरतं.

संध्याकाळचा ताळा असा: विकलेली कूपनं, वजा परत घेतलेली, वजा सगळ्या डब्यांतली. उरतील ती लोकांच्या खिशात राहिलेली. हा आकडा थोडा अधिकच निघतो आणि ते ठीक आहे. उणे आला तर नक्कल झाली किंवा कूपन दोनदा वापरलं गेलं. परतफेड मेळावा संपण्याआधी अर्धा तासापर्यंतच, हे कूपनावरच छापा. मोजताना दोन पालक आणि एक शिक्षक, तिघांच्या सह्या.

चुलखंड

प्रमाण सांगतो. वडापाव २०० नग धरून.

बटाटे १० किलो. किलोला साधारण २० वडे, सारण ५० ग्रॅमच्या आसपास. बेसन ३.५ ते ४ किलो. तेल ६ ते ७ लिटर हाताशी ठेवा: वडे पितात अडीच-तीन लिटर, पण कढई शेवटपर्यंत भरलेली राहायला हवी. हिरवी मिरची ४०० ग्रॅम (मुलांसाठी कमी तिखट हवं तर ३००), लसूण ३००, आलं १५०, कोथिंबीर ४ जुड्या. पाव २१०, आणि ऑर्डर देताना नग सांगा, लादी नको. कुठे लादी सहाची, कुठे आठाची, कुठे बाराची.

बटाटे त्याच दिवशी पहाटे उकडा, चाळणीत निथळून पूर्ण गार करा. ओलसर सारणाचा वडा तेलात फुटतो आणि मग अख्ख्या कढईत तेच तरंगत राहतं. आदल्या रात्री सारण करून झाकून ठेवणारेही असतात. आंबूस वास दुपारपर्यंत येतोच. पीठ सैल झालं तर वडा तेल पितो, म्हणून एकदम चार किलो न कालवता किलो-किलोने कालवा.

खरी अडचण तेलाची नाही, वेळेची आहे. एका घाण्यात १२ वडे, एका घाण्याला ४-५ मिनिटं. कागदावर तासाला दीडशे होतात, प्रत्यक्षात शंभर. लोक मात्र एकाच वेळी येतात. त्यामुळे दोन कढया, आणि पहिले ६० वडे मेळावा सुरू व्हायच्या आधी तळून तयार.

भेळ १०० प्लेट: कुरमुरे ४ किलो, शेव-फरसाण दीड-दोन किलो, कांदा २ किलो, उकडलेला बटाटा २ किलो, टोमॅटो दीड किलो, चिंच अर्धा किलो, गूळ १ किलो. गिऱ्हाईक समोर आल्यावरच कालवायची. पातेलंभर आधी कालवून ठेवली की पंधरा मिनिटांत तिचा लगदा.

कोकम सरबत: गोड अर्क १ लिटरला पाणी ५ लिटर, म्हणजे २०० मिलीचे ३० ग्लास. दुकानातून आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणू नका. ते खारट असतं, त्याला साखर वेगळी लागते आणि हे नेमकं स्टॉलवर कळतं. बर्फ खाण्याचा आणा, मासळीवाल्याकडचा नको.

गॅस: घरगुती १४.२ किलोची टाकी अशा विक्रीला वापरणं नियमात बसत नाही, १९ किलोची व्यावसायिक घ्या. वर्गात इंडक्शन लावायची कल्पना कुणी काढलीच तर २००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते आणि वर्गातला छोटा सॉकेट ६ चा असतो. वायर तापते नाहीतर एमसीबी (वीज तोडणारा खटका) पडतो, आणि त्याच लाइनवर माईक असेल तर तोही गप्प. कढया मैदानाच्या कडेला, वारा पाठीमागून, पुढे बाकांचं कुंपण. वाळूच्या दोन बादल्या. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही, हे कढईवरच्या माणसाला आधी बजावून सांगा.

नियमावर_बोट

लकी ड्रॉचा विषय इथेच संपवा. तिकीट विकून सोडतीत बक्षीस देणं ही लॉटरी झाली. सरकारची किंवा सरकारने अधिकृत केलेली नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली तो गुन्हा आहे. हेतू चांगला असल्याने तो बदलत नाही. मुलांनी घरोघर जाऊन तिकिटं खपवायची ही तर त्याहून वाईट कल्पना. त्याऐवजी कौशल्याचे खेळ ठेवा: रिंग टाकणं, बादलीत चेंडू, लगोरी. एक कूपन, तीन संधी.

जिल्हा परिषद शाळेत वर्गणी सक्तीची होता कामा नये. सूचनापत्रात 'सहभाग ऐच्छिक' हे ठळक लिहा. कुणी किती दिले याची यादी वर्गात वाचायची नाही, फळ्यावर तर नाहीच. 'प्रत्येक विद्यार्थ्याने किमान पाच कूपनं' असा मजकूर कुठे दिसला तर पहिली तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि रास्तच असेल.

चिप्सची पाकिटं आणि कोल्ड्रिंकचा स्टॉल कुणी मागितला तर नाही म्हणा. जास्त मेद-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा २०२० चा नियम आहे. (वड्यालाही कुणी याच नियमात ओढेल, म्हणून मोड आलेली मटकी, फळांच्या फोडी, राजगिऱ्याचे लाडू असा एक स्टॉल ठेवाच.) बाहेरचा गाडीवाला बोलावलात तर त्याचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. थर्मोकोल आणि प्लॅस्टिकच्या प्लेटा राज्यात बंद आहेत. पत्रावळी किंवा सुपारीच्या प्लेटा आणा, नाहीतर घरून ताटली आणा म्हणून सांगा. गावात ते सहज होतं. स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज.

पाणवठा

बाकीचं सगळे सांगतायत, मी मशीनवर बोलतो. आरओच घ्यायचं हे ठरवलंत कशावरून?

आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तपासणी किट असतं, पण त्यावर थांबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत रासायनिक आणि जैविक दोन्ही तपासण्या करून घ्या. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड १ च्या आत (दुसरा स्रोत नसेल तर १.५).

क्षार ५०० च्या आत आणि नायट्रेट-फ्लोराइडही ठीक असेल तर आरओची गरज नाही. गाळणी आणि यूव्हीचं (अतिनील किरणांचं) मशीन पुरतं, किंमत कमी, देखभाल कमी. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी फेकतं; खटावात उन्हाळ्यात हे परवडणार आहे का? उलट नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर यूव्हीचा काही उपयोग नाही, तो फक्त जंतू मारतो. हातातला टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो. त्यावर १८० दिसलं म्हणून पाणी सुरक्षित असं नसतं, जंतू त्याला दिसत नाहीत.

दुसरं, क्षमता. १४० मुलं, शाळेच्या वेळेत माणशी दीड लिटर, म्हणजे दिवसाला २१० लिटर. घरगुती मशीन तासाला १५ लिटर देतं, पहिल्या सुट्टीतच आटेल. तासाला ५० लिटरचं संस्थांसाठीचं मशीन, आणि खाली किमान १०० लिटरची स्टीलची टाकी, चार नळांची. सकाळी भरून ठेवली की वीज गेली तरी मधल्या सुट्टीला पाणी असतं.

मशीन बंद पडतं ते बहुतेकदा दुसऱ्या वर्षी, कारण फिल्टर बदलायला पैसे ठेवलेले नसतात. मेळाव्याच्या रकमेतून दोन वर्षांची देखभाल बाजूला काढा आणि उरेल त्यात मशीन बसवा. बसत नसेल तर लहान घ्या.

चिंचेचं_पान

बापरे, पाणी तपासायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. उद्या ग्रामपंचायतीत विचारते. लकी ड्रॉ रद्द. दोन शंका: साहित्याला सुरुवातीचे पैसे कुठून आणायचे? आणि मुलांना नेमकं काम काय द्यायचं? नाहीतर सगळं पालकच करतात आणि मुलं नुसती खातात.

रोजकीर्द

साहित्य वस्तुरूपात मागा. एकाने बटाटे, एकाने बेसन, एकाने तेल. प्रत्येक वस्तूची बाजारभावाने नोंद वहीत करा, कारण न नोंदलेला खर्च म्हणजे फसवा नफा. पुढच्या वर्षी कुणी बटाटे दिले नाहीत की गणित कोसळतं. जे विकत आणाल त्याचं बिल समितीच्या नावाने घ्या आणि पैसे खात्यातून द्या. कूपनाच्या गल्ल्यातून पाचशेची नोट काढून तेल आणायला माणूस पाठवू नका. ताळा तिथेच बिघडतो.

आणि १४० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातलं संयुक्त शाळा अनुदान निकषाप्रमाणे ५०,००० आहे, पाण्याची दुरुस्ती त्यात बसते. कधी येतं हा वेगळा धागा होईल. पण त्यातून आधीच काही ठरलंय का ते मुख्याध्यापकांना विचारा. एकाच कामाला दोन ठिकाणचे पैसे दाखवले गेले तर उत्तर समितीला द्यावं लागतं. मशीन आलं की डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद.

खडू_फळा

मुलांची कामं इयत्तेप्रमाणे वाटा. पहिली-दुसरी: वस्तूंची चित्रं आणि किमतीच्या पाट्या. तिसरी-चौथी: कूपनाच्या गड्ड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे, निमंत्रणपत्रं. पाचवी: खेळांचे स्टॉल. सहावी-सातवी: प्रत्येक स्टॉलवर दोघं, एक कूपन घेणारा, एक नोंदणारा. कढई, सुरी आणि गॅस यांपासून सगळेच लांब.

नोंदीसाठी एक पानी तक्ता द्या: वस्तू, आणलेलं प्रमाण, लागलेला खर्च, विकलेले नग, उरलेले नग, कूपनं. नफा मुलांनाच काढू द्या. सहावी-सातवीचा नफा-तोटा आणि शेकडेवारी यात आपोआप होते. खर्चाचा रकाना मात्र आदल्या दिवशी भरून घ्या, मेळाव्यानंतर तो कुणालाच आठवत नाही.

पुस्तकांसाठी अजून एक सुचवतो. पैसे हातात आले म्हणून एकदम जाड संच घेऊ नका. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पातळ, चित्रांची पुस्तकं घ्या, आणि पहिली-दुसरीसाठी एकेका पुस्तकाच्या तीन-चार प्रती. पुस्तकं कुलुपाच्या कपाटात जाणार असतील तर आधी दोरीवर टांगायची सोय करा, मग खरेदी. विद्यांजली या सरकारी पोर्टलवर शाळेची गरज नोंदवून ठेवलीत तर बाहेरून वस्तूही मिळू शकतात, ते फुकट आहे.

चुलखंड

तारखेचं कुणीच बोललं नाही. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, गाव तिकडे असतं. २६ जानेवारी धरा. झेंडावंदनाला पालक तसेही शाळेत येतात, मुलं गणवेशात असतात, नऊ ते साडेबारा मेळावा. वडापाव नाश्त्याला खपतो, दुपारी चारला तेवढा खपत नाही. फक्त ग्रामसभा किती वाजता आहे ते बघा.

रोजकीर्द

२६ ला बँक बंद. रोख मोजून पिशवी सील, तिघांच्या सह्या, शाळेच्या कपाटात, किल्ली एकाकडे आणि कपाट असलेल्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. पुढच्या कामाच्या दिवशी बँक उघडली की पहिलं काम भरणा, आणि पावतीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर त्याच दिवशी.

चिंचेचं_पान

२६ जानेवारीच धरतोय. ग्रामसभा अकराला असते, म्हणजे वडे साडेआठला तयार हवेत. कूपनं किती छापायची?

रोजकीर्द

१४० घरं नाही, भावंडं धरून शंभरएक घरं. घरटी १५ कूपनं म्हणजे १५००. छापा २०००, शंभराच्या वीस गड्ड्या. न विकलेल्या गड्ड्या अनुक्रमांकासकट वहीत लिहून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर फाडा.