चष्मा सुटल्यानंतरचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

माझ्या लेसिकला, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनला, दोन वर्षं झाली. नंबर मायनस साडेसहा, तिसरीत लागलेला. गावच्या विहिरीत पोहायला शिकले तेव्हा चष्मा काठावर आत्याकडे देऊन उतरायचे. विहीर म्हणजे हिरवट धूसर पाणी आणि वरून येणारे आवाज, एवढंच मला माहीत. डॉक्टरांनी पोहायला हरकत नाही म्हटल्यावर त्या मे महिन्यात तिथेच उतरले. पाठीवर तरंगत वर पाहिलं. दगडांच्या फटीतून उंबराचं रोप फुटलेलं, फांदीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली दोन वाळकी घरटी, त्यातलं एक अर्धवट सोडलेलं. आणि कठड्यावरून वाकलेली आत्या. पाण्यातून तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

खर्च किती आणि कुठे केलं हे सगळीकडे बोललं जातं. मला त्यानंतरचं ऐकायचंय. सुखाचं लिहा, त्रासाचंही लिहा.

*

सलूनच्या खुर्चीत बसलं की आधी चष्मा काढून ठेवायचा, मग आरशात नुसता पुसट गोळा. पंचवीस वर्षं मी माझे केस कापून झाल्यावरच पाहिले. आता मध्येच “कानाजवळ थोडे राहू द्या” म्हणता येतं. फार बरं वाटतं.

*

माझं इतकं सरळ झालं नाही. नजर दुसऱ्याच दिवशी स्वच्छ झाली, पण कोरडेपणाने आठ महिने छळलं. ऑफिसात एसी, समोर दिवसभर स्क्रीन. दुपारी तीनच्या सुमारास पापणी मिटली की डोळ्यात वाळू असल्यासारखं खुपायचं. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, पातळ पापुद्रा कापून उचलतात, त्यात तिथल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडलाय हा निरोपच नीट पोचत नाही आणि अश्रू कमी येतात. नसा वाढतात, पण सावकाश. रात्री घाटात समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती मोठी वलयं दिसायची. चार महिने मी रात्रीची गाडी चालवलीच नाही. आता दोन्ही त्रास जवळजवळ गेले.

माझी तक्रार ऑपरेशनबद्दल नाही. “थोडे दिवस थेंब घालावे लागतील” या एका वाक्यावर माझी बोळवण झाली, त्याबद्दल आहे. कॉन्टॅक्ट लेन्सने माझे डोळे आधीच कोरडे होते. तुमचेही असतील तर अश्रूंची तपासणी आधी मागून घ्या, लाजू नका.

*

माझा कॉर्निया पातळ, म्हणून पापुद्रा न कापता वरची साल काढून लेझर केलं, पीआरके. पहिले तीन दिवस खूप दुखलं. अंधाऱ्या खोलीत पडून होते. सासूबाई मोबाइलचा गजर लावून दर चार तासांनी थेंब घालायच्या. कोणते कधी हे कळावं म्हणून त्यांनी बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले होते. रात्री दोनचा गजरसुद्धा त्यांनी एकदाही चुकवला नाही. नजर पुरती बसायला महिना-दीड महिना लागला. दिसायला लागलं तेव्हा ते दोरे आधी बघितले.

*

माझं ऑपरेशन झालंच नाही, तरी लिहितो. लहानपणापासून अ‍ॅलर्जी, डोळे चोळायची सवय. कॉर्नियाचा नकाशा काढला तर तो खालच्या बाजूने पातळ होऊन पुढे आलेला. केराटोकोनस. अशा डोळ्यावर लेसिक केलं तर कॉर्निया आणखी कमकुवत होतो. त्याऐवजी कॉर्निया घट्ट करणारं सी-थ्री-आर केलं, रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश. नंबर गेला नाही, पण वाढायचा थांबला. त्या दिवशी मी रडलो होतो. मुलांना डोळे चोळू देऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

*

माझं २००४ सालचं. आता वय ४७. लांबचं आजही छान दिसतं, वाचायला मात्र चाळिशी लागली. ती सगळ्यांनाच लागते, कारण डोळ्याच्या आतलं भिंग वयाने ताठर होतं आणि लेझर त्या भिंगापर्यंत जातच नाही. एक कामाचं सांगते. ऑपरेशनच्या आधीचे नंबर आणि कॉर्नियाची मापं जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि आपली वक्रता बदललेली असते. नेहमीचं गणित चुकू शकतं. काचबिंदूसाठी दाब मोजताना तो पातळ कॉर्नियामुळे कमी भरतो, म्हणून तेव्हाही लेसिक झाल्याचं सांगायचं. माझे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत.

*

मायनस नऊ होता, सहा वर्षांपूर्वी गेला. चष्मा नाही म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिरकलोच नाही. गेल्या दिवाळीत उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, दुसऱ्या दिवशी काळे ठिपके तरंगायला लागले. बायकोने हट्टाने नेलं. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, भोक पडलं होतं, त्याच दिवशी लेझरने ते सांधलं. आणखी थांबलो असतो तर पडदा सुटला असता. डॉक्टर म्हणाले, मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांबट असतो, आतला पडदा ताणलेला असतो. आपण पुढची काच घासून घेतली, मागचा डोळा तोच आहे.

*

हे शेवटचं वाचून हातातलं काम ठेवलं. दोन वर्षांत पडद्याची तपासणी मी एकदाही केलेली नाही. शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-पाच तास उजेड सहन होत नाही, म्हणून आत्या सोबत येते म्हणाली आहे.