मदत हवी आहे: आजीच्या जुन्या फोटोंचे रंग आणि डाग सुधारायचे आहेत, पण चेहरे न बदलता

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

आजीला ८१वं वर्ष लागलंय. मार्गशीर्षात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं घरात ठरलंय. त्या दिवशी पडवीच्या लांब भिंतीवर तिचे फोटो लावायचे असं माझ्या मनात आहे. काका आणि आत्यांकडून बरेच फोटो जमले, पण अवस्था वाईट आहे. घर राजापूर तालुक्यात, पावसाळ्यात बंद ट्रंकेतसुद्धा ओल शिरते.

मी एडिटिंग शिकलेली नाही. फोनवर स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप वापरते, लॅपटॉपवर आत्ताच गिंप हे फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय. विकतचं सॉफ्टवेअर नको आहे. शेजारच्या गावात एकाकडे स्कॅनर आहे, तो वापरायला मिळेल.

पहिला प्रश्न लग्नाच्या फोटोचा. १९६४ सालचा, स्टुडिओत काढलेला काळा-पांढरा, तीन बाय चार इंचांचा. सगळा कागद पिवळा पडलाय आणि आजोबांच्या खांद्यावरून खाली पाण्याचा तपकिरी ओघळ गेलाय. ओघळ त्यांच्या कोटावर आहे, चेहरा वाचलाय.

दुसरा, रंगीत फोटोंचा. आजोबा लालबागला गिरणीत होते. संपाच्या आधीचे, १९८०च्या आसपासचे राणीच्या बागेतले फोटो आहेत. त्यात आता सगळंच तांबूस झालंय, झाडंसुद्धा विटकरी दिसतात. शिवाय त्या कागदाला बारीक जाळीसारखा खरखरीतपणा आहे. फोनने फोटो काढला की ती जाळीच ठळक उठते.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. डाग काढणारं कुठलंही ऑटो टूल लावलं की फोटोवरच्या बुरशीच्या ठिपक्यांबरोबर गोंदणही पुसलं जातं. 'चेहरा स्पष्ट करा' म्हणणाऱ्या एका ॲपमध्ये तिचा तरुणपणचा फोटो घातला, तर बाहेर आली ती कुणी वेगळीच बाई. डोळे मोठे, नाक सरळ, रंग गोरा. आत्याने बघितलं आणि म्हणाली, ही आई नव्हे. मला फोटो नवेकोरे करायचे नाहीत. आजीने बघावं आणि स्वतःला ओळखावं, एवढंच हवंय.

आणि एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. तो कसा सोडवायचा?

---

ओसरी

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात घाई झाली तर फोटो कायमचा जाईल. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, सुरीने सोडवू नका, वाफ तर मुळीच देऊ नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलं की चित्र काचेवर राहतं आणि हातात नुसता कागद येतो. फ्रेमचा लाकडी भाग आणि मागचा पुठ्ठा काढा, काच बाहेरून कोरड्या कपड्याने पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. जिथे चिकटलाय तिथे काच आणि फोटो यांच्यात हवा नसते, त्यामुळे तो भाग बहुधा नीट येतो.

बुरशीबद्दलही सांगते. ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, पुसताना चेहराच निघून येईल. कोरड्या दिवशी घराबाहेर बसून, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने हलकेच झटका. जेवढं निघेल तेवढं काढा. बाकीचं संगणकावर.

---

सागरगोटा

पिंपळपान ताई, आमचा कोल्हापुरात स्टुडिओ होता आणि रंगीत प्रिंटचं कामही आम्ही बरीच वर्षं केलं. तुमच्या लाल फोटोंबद्दल लिहितो.

रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात: पिवळा, किरमिजी आणि सायन, म्हणजे हिरवट निळा. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचा सायन अल्बमच्या अंधारातसुद्धा उडून जायचा. सायनचं काम लाल प्रकाश अडवायचं. तो फिका झाला की लाल भरमसाट दिसायला लागतो. म्हणून हे फोटो लाल 'झालेले' नाहीत, त्यांतला सायन कमी झालाय. हे ध्यानात घेतलं की उपाय सोपा आहे, आणि तो स्नॅपसीडच्या तयार फिल्टरमध्ये सापडणार नाही.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, रंगीत आणि टिफ फाइलमध्ये (यात फोटो दाबला जात नाही) करा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं रंग सुधारणं, धूळ काढणं, शार्प करणं हे सगळं बंद ठेवा. मग गिंपमध्ये कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडा. वर चॅनल म्हणून खूण आहे (चॅनल म्हणजे फोटोतला लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक रंग सुटा), तिथे व्हॅल्यूऐवजी रेड निवडा. आलेखाचा डोंगर उजवीकडे सरकलेला आणि डावीकडची जागा रिकामी दिसेल. खालचा काळा त्रिकोण डोंगर जिथे सुरू होतो तिथवर आणा. मग ग्रीन आणि ब्लूसाठीही हेच करा: काळा त्रिकोण डाव्या पायथ्याशी, पांढरा उजव्या पायथ्याशी. तिन्ही चॅनल असे ताणले की झाडं हिरवी व्हायला लागतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. तरीही तांबूस झाक राहिली तर रेडचा मधला करडा त्रिकोण थोडा उजवीकडे सरकवा.

पुष्कळ जण इथे पांढऱ्या कपड्यावर टिचकी मारून रंग ठरवायला सांगतात. आपल्याकडे जरा जपून. त्या काळी धोतराला आणि टोपीला नीळ घालत, त्यामुळे ते खरोखरच निळसर पांढरे असत. ते शुद्ध पांढरे धरलेत तर सगळा फोटो पिवळा होईल. सिमेंटचा कठडा, डांबरी रस्ता, काळे केस अशा दोन-तीन ठिकाणी बघा.

शेवटची परीक्षा त्वचेवर. कलर पिकरने गालावर टिचकी मारा आणि आकडे वाचा. माणूस गोरा असो की काळासावळा, साध्या उजेडात लालचा आकडा सगळ्यात मोठा, मग हिरवा, मग निळा असा क्रम येतो. हा क्रम बिघडला तर रंग चुकलाय. आणि त्वचा उजळ करायच्या मोहात पडू नका. आजोबा सावळे असतील तर सावळेच राहू द्या. बाजारातली निम्मी ॲपं न विचारता माणसाला गोरं करतात. मला त्याची मनापासून चीड आहे.

त्या जाळीच्या कागदाला आम्ही सिल्क पेपर म्हणायचो. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे कागदावरच्या प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली येते. फोटो एकदा सरळ स्कॅन करा, एकदा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून. गिंपमध्ये दुसरा स्कॅन पुन्हा सरळ करून पहिल्यावर लेयर, म्हणजे वरचा थर, म्हणून ठेवा. वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा आणि चित्र जास्तीत जास्त काळं दिसेल तोवर सरकवत न्या. जुळलं की मोड नॉर्मल, ऑपॅसिटी ५०, म्हणजे वरचा थर अर्धा पारदर्शक. दोन्हींच्या सावल्या एकमेकींना खोडतात. पूर्ण जात नाही, पण जाळी डोळ्यात खुपायची थांबते. हे रंग सुधारण्याच्या आधी करा.

---

काळीमाती

लग्नाच्या फोटोसाठी एक युक्ती. काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळे आणि तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत गडद असतात आणि लाल चॅनलमध्ये सर्वांत फिके. म्हणून नुसतं डीसॅच्युरेट केलं, म्हणजे रंग काढून टाकले, तर डाग करडा होऊन राहतो. त्याऐवजी कलर्समध्ये कंपोनंट्स, त्यात मोनो मिक्सर उघडा. रेड १, ग्रीन ०, ब्लू ०. पिवळेपणा जाईल आणि ओघळही बराचसा विरेल. उरलेली कड तेवढी क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा स्वच्छ भाग तिथे उतरवून, भरा.

पण चेहऱ्याच्या ॲपबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली माणसं अगदी पुसट असतात. तिथे एआय वापरून चेहरा जरा स्पष्ट झाला तर काय बिघडलं? भिंतीवर निदान दिसतील तरी.

---

सागरगोटा

काळीमाती, रेड चॅनलची युक्ती फार चांगली. पण मागच्या रांगेबद्दल मी सहमत नाही. पुसट चेहऱ्यात माहितीच शिल्लक नसते. ॲप ती शोधून काढत नाही, हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेला एक चेहरा तिथे बसवतं. ते नाक, त्या पापण्या त्या माणसाच्या नाहीत. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणा मावशीचा तेवढा एकच फोटो घरात उरला असेल, तर तुम्ही तिच्या जागी परकी बाई उभी केलीत, आणि पुढच्या पिढीला ते कधीच कळणार नाही. पुसट आहे ते पुसट राहू द्या आणि खाली नाव लिहा.

हे टूल सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. भिंतीवरचा चरा, आकाशातली घडी यासाठी खुशाल वापरा. चेहरे, हात, दागिने आणि लुगड्याचे काठ यांपासून ते लांब ठेवा. नऊवारीच्या काठाची नक्षी तर ही ॲपं हमखास मोडतात.

आता गोंदण. स्नॅपसीडचं हीलिंग कुठून रंग घ्यायचा ते स्वतः ठरवतं, म्हणून चेहऱ्यावर ते वापरू नका. गिंपमध्ये एक रिकामा लेयर घ्या. हील टूल निवडून सँपल मर्ज्डवर खूण करा, म्हणजे ते खालच्या फोटोतून रंग घेईल. कंट्रोल दाबून जवळच्या स्वच्छ त्वचेवर टिचकी मारा, मग डागावर. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा. दुरुस्ती वरच्या लेयरवर होते, मूळ चेहरा खाली तसाच राहतो. काही चुकलं तर तेवढंच खोडरबराने काढता येतं.

डाग कुठला आणि गोंदण कुठलं हा प्रश्न पडला तर आजीचे तीन-चार फोटो शेजारी ठेवा. जो ठिपका प्रत्येकात त्याच जागी आहे, तो तिचा. बाकीचे बुरशीचे. आणि सरळ आजीला विचारा की! ती सांगेल कुठे कुणी गोंदलं ते.

---

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. मोनो मिक्सरने ओघळ खरंच गेला. कोटाची बटणं दिसायला लागली, जी आजवर आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. राणीच्या बागेतल्या एका फोटोत लेव्हल्स केले आणि आजीचं लुगडं हिरवं निघालं. आम्ही ते तपकिरीच समजत होतो. आजीला दाखवलं, तर ती लगेच म्हणाली, हिरवंच होतं, हे धाकट्या दिराने आणलेलं. आजीला विचारण्याचा सल्ला सगळ्यात कामाचा ठरला. गोंदणही तिनेच बोट लावून दाखवलं.

आता दोन प्रश्न उरलेत. काकांकडचे काही फोटो व्हॉट्सॲपवर आले आहेत, ते मोठे केले की चौकोन चौकोन दिसतात. आणि छापताना काय सांभाळायचं?

---

काळीमाती

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते. काकांना तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. त्यांच्याकडे स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवून फोनने काढू द्या: ऊन थेट पडायला नको, फ्लॅश बंद, फोन अगदी समांतर. फोन फार जवळ नेला की कडा वाकतात, त्यापेक्षा थोडं मागे सरून दुप्पट झूम बरा. आलेल्या चौकोनी फोटोला शार्प करत बसू नका, चौकोनच आणखी उठतात.

---

सागरगोटा

छपाईचा हिशेब असा: इंचाला ३०० पिक्सेल धरा. लग्नाचा तीन बाय चारचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केलात, म्हणजे १८०० बाय २४०० पिक्सेल मिळाले. तो सहा बाय आठ इंचांपर्यंत सुंदर छापला जाईल. भिंतीवर लांबून बघायचा असेल तर आठ बाय दहाही चालेल, त्यापुढे ताणू नका. पासपोर्टएवढा फोटो असेल तर स्कॅनच १२०० डीपीआयला करा.

कागद मॅट घ्या. पडवीत समोरून उजेड येतो, ग्लॉसीवर नुसती चकाकी दिसेल. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत जेपेग करून द्या, पण गिंपची एक्ससीएफ (सगळे लेयर असलेली कामाची फाइल) आणि मूळ टिफ जपून ठेवा. लॅबवाल्याला आधीच सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवून छापा. नाहीतर तुम्ही मेहनतीने ठेवलेला सावळा रंग त्याचं मशीन उजळून टाकेल. आणि सगळे फोटो एकदम देऊ नका. एक काळा-पांढरा, एक रंगीत, असे दोन लहान प्रिंट आधी काढून दिवसाच्या उजेडात बघा. लॅपटॉपचा पडदा फार उजळ ठेवून काम केलं असेल तर प्रिंट गडद येतात. तसं झालं तर गिंपच्या कलर्स मेनूतल्या कर्व्ह्जमध्ये रेघेचा मधला भाग थोडा वर उचलून पुन्हा द्या.

---

ओसरी

मूळ फोटो पुन्हा त्या ट्रंकेत टाकू नका. चिकट पानांचे अल्बम नकोत, पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. प्रत्येक फोटो साध्या कागदी पाकिटात घालून हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते. आणि ती नावं आजी समोर बसलेली असतानाच लिहून घ्या.