चिनी मुगाचं गार, गोड ‘थांग’: सूप, खीर की कढण?

शांघायच्या उन्हाळ्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मूग उकडून, खडीसाखर घालून, गार करून पितात त्याला तिथे ‘ल्यूदोउ थांग’ म्हणतात. ल्यू म्हणजे हिरवा, दोउ म्हणजे कडधान्य. अडलंय ‘थांग’पाशी. सूप लिहिलं की मिरपूड आणि वाफ आठवते. खीर म्हणू की सरबत?

— खीर नको. तो शब्दच ‘क्षीर’वरून आलाय आणि यात दुधाचा थेंब नसतो. सरबतात मूग शिजत नाहीत. माझं मत ‘कढण’. आजारातून उठलेल्याला जिरं-मीठ घालून देतात तेच मुगाचं कढण, फक्त गोड आणि गार.

— पण गार कढण कसं म्हणायचं? शब्दातच ‘कढणं’ आहे.

— म्हणून तर तो नेमका बसतो! ‘थांग’चाही जुना अर्थ कढत पाणी. जपानी सार्वजनिक न्हाणीघरांच्या दारावर हेच अक्षर दिसतं आणि तिथे अर्थ अजून गरम पाणीच. चिनीत मात्र तो सुपाकडे सरकला. शिवाय मूग दहाएक मिनिटं उकळून ते हिरवं पाणी आधीच गाळून घेणारेही असतात (पुढे हवा लागून ते तांबूस होतं). त्या पाण्याला ‘कढण’शिवाय दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. एक सांभाळा: साखरेलाही चिनीत ‘थांग’च म्हणतात, फक्त उच्चाराचा सूर चढता (चिनीत सुरावरून अर्थ बदलतो). देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात.

— दक्षिण चीनमध्ये, कँटनकडे याला ‘लुकदाउ सा’ म्हणतात ना?

— हो, पण तो प्रकार वेगळा. ‘सा’ म्हणजे वाळू. मूग फुटून विरघळेपर्यंत शिजवतात, जिभेला कण लागतात. आपला ‘रवाळ’ शब्द इथे किती चपखल आहे! त्यात सताप घालतात, हो, आपल्याकडे कुंडीत असते तीच उग्र वासाची सताप.

— आणि शांघायजवळच्या सूजौ शहराचं? लेखात तेही आहे. शिजवलेले मूग, चिकट तांदळाचा भात, कोहळ्याचा पेठा आणि वरून पुदिन्याचं गार पाणी.

— तिथे ‘कढण’ चालणार नाही. पाणी मुगाचं नाहीच, वरून ओतलेलं आहे. नाव चिनीत ‘थांग’च असलं तरी मी ‘पुदिन्याच्या पाण्यातले गोड मूग’ असं लिहीन.