पदपथ पादचाऱ्यांचाच राहावा
रस्त्यावर मोटारींची भीती वाटते, म्हणून सायकलस्वारांना पदपथ वापरू द्यावा, हे म्हणणे मी समजू शकतो. मीही रोज सायकल चालवतो. तरीही ते मला पटत नाही. चालणारा माणूस ताशी सुमारे 5 किलोमीटर वेगाने जातो आणि सायकल सहज 15 ने. वेग तिप्पट झाला की तेवढ्याच वजनामागे धडकेतील ऊर्जा नऊपट होते. शिवाय चालणारा सरळ रेषेत चालत नाही. तो मध्येच थांबतो, वळतो, मुलाचा हात सुटला की मागे धावतो. मागून घंटी वाजली की काठी टेकत चाललेल्या आजी गोंधळून नेमक्या सायकलीच्याच बाजूला सरकतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तर त्या घंटीचा काहीच उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पदपथ सायकलस्वारालाही वाटतो तितका सुरक्षित नसतो, कारण फाटकातून बाहेर पडणारा किंवा गल्लीत वळणारा मोटारचालक तेथे चालण्याच्या वेगाने येणारे माणूस अपेक्षित धरतो, त्याच्या तिप्पट वेगाने येणारी सायकल नव्हे.

लहान मुलांचा अपवाद मला मान्य आहे. जर्मनीत 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना पदपथावर सायकल चालवता येते आणि तेथेही पादचाऱ्यांची काळजी घेणे बंधनकारक आहे. मोठ्यांसाठी मात्र जागा मोटारींच्या रस्त्यातूनच काढावी. ती आधीच अरुंद असलेल्या पदपथातून काढणे हा चालणाऱ्यांवर अन्याय आहे.