आधी पोराला विचारा, खेळायचंय काय

पोराला गेम खेळायला सत्तर हजारांत पीसी घ्यावा की पीएस ५ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल), या प्रश्नावर एकांनी लिहिलंय की पीसीच घ्या, पीएस ५ नको, पोराचा अभ्यासही होईल. अभ्यासाचं जाऊ द्या हो, तो जुन्या लॅपटॉपवरही होतो! काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ खेळायचं असेल तर प्रश्नच मिटला, पीसीच घ्या, ते कन्सोलवर नाहीतच. दोघा भावांना सोफ्यावर लोळत फुटबॉल खेळायचा असेल तर मात्र पीएस ५.

पीएस ५ घेतलात तर डिस्कवालाच घ्या. आमच्याकडे एक गेम संपला की डिस्क मित्राकडे जाते, त्याची आमच्याकडे येते. नुसत्या डिजिटल एडिशनला, म्हणजे बिनडिस्कवाल्याला, ही सोय नाही. पीसीच्या गेमचं ऑनलाइन दुकान आहे स्टीम, तिथे सेलमध्ये गेम स्वस्त मिळतात खरे, पण घेतलेला गेम विकता येत नाही. हां, बहुतेक विकतचे गेम पीएस ५ वर ऑनलाइन खेळायला सोनीच्या पीएस प्लस सेवेची वर्गणी भरावी लागते, ती हिशेबात धरा. आणि पीएस ५ च्या पहिल्या मॉडेलच्या ८२५ जीबी स्टोरेजमधले गेम ठेवायला हाताशी येतात ६६७ च.

पीसीच ठरला तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, काटकसर नको. माझा स्वस्तातला एका दुपारी फट्ट करून गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.