नव्या पेटीत जुने सूर बसवावे का? चर्चच्या ऑर्गनमध्ये जुने पाइप वापरतात म्हणे

दर्यापूरकर:
मंडळाची पेटी पार गेली, भाता फाटला, लाकडाले वाळवी. सूर (आवाज काढणाऱ्या पितळी पट्ट्या) मात्र जर्मन आहेत, आजोबाच्या वक्ताचे. कारागीर म्हणते बॉडी नवीन करतो अन् सूर हेच टाकतो. मंडळी कुरकुरते, पैसे नव्याचे अन् माल जुना काहून? युरोपात चर्चच्या पाइप ऑर्गनमंधीबी असंच करतात असं ऐकलं, खरं हाय का भाऊ?

सूरवेडा अमरावती:
खरं आहे, अन् लपूनछपून नाही. हॅम्बर्गच्या सेंट जेकोबी चर्चचा ऑर्गन आर्प श्निटगर या कारागिरानं १६९३ मध्ये पूर्ण केला, ६० स्टॉप (वेगवेगळ्या आवाजाचे पाइपसंच), ४००० च्या आसपास पाइप, त्यातले बरेच आधीच्या ऑर्गनचे. कथील-शिशाचा पाइप नीट राहिला तर शेकडो वर्षं जाते, आधी खराब होते ते लाकूड, चामडं. १९१७ मध्ये दर्शनी पाइप लढाईसाठी वितळवले, अन् दुसऱ्या महायुद्धात बाकीचे आधीच काढून ठेवले म्हणून वाचले, चर्च १९४४ च्या बॉम्बिंगमध्ये गेलं.
पण उचलला पाइप अन् केला उभा, असं नाही जमत. हवेचा दाब बदलला की आवाज बदलते, मग पाइपच्या तोंडाची फट, उंची परत जुळवा. तोंड जास्त कापल्या गेलं तर पाइप बिघडला समजा.

पेटीवाला अकोट:
पेटीतबी हेच. सूर जुना म्हणून घाबरू नका, किती घासला ते पाहा. पितळी जिभेचं टोक घासलं की सूर चढते, बुडाकडे घासलं की उतरते, अन् दर ट्युनिंगले जीभ पातळ होते. टॉर्च लावून बुडाशी चीर आहे का पाहा, असली तर तो सूर फेका. अन् खर्ज (खालचे), नर (मधले) दोन्ही सूर त्याच सेटचे ठेवा, चार सूर भलतेच टाकले तर भजनात तेच बोंबलतात. मजुरी मात्र जुळवणीची मागेल, ते द्याच, खरं काम तेच हाय बाप्पा.

वऱ्हाडी मास्तर:
एक राहिलं, तापमानानं पाइपचा सूर पेटीपेक्षा लय हलते, गरमीत चढते. आपल्या ४५ डिग्रीत पाइप ऑर्गन म्हणजे कामच, पेटी बरी.

दर्यापूरकर:
बरं, आज संध्याकाळी कारागिरासमोरच टॉर्च लावून पाहतो, अन् फेकायच्या सुरांचे पैसे आधीच ठरवून घेतो.